एन ६३: नाव न ठरलेली गाठ

मालवणात कुणाबद्दल 'तिका टाटाक नेल्यानी' असं ऐकू आलं की पुढचं कुणी विचारत नाही. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं तेव्हा त्याच्या आजूबाजूला, लालबाग-परळच्या चाळींत, गिरणीत कामाला आलेली मालवण-वेंगुर्ल्याची माणसं दाटीवाटीनं राहत होती. गावाकडे आवस किंवा बहीण आजारी पडली तर तिला आणून उतरवायला भावाची खोली होती आणि हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर होतं. गिरण्या बंद पडल्या, खोल्या विरार-डोंबिवलीकडे सरकल्या, पण वाट तीच राहिली. आता तिच्या जोडीला आणखीही वाटा आहेत. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुडाळ तालुक्यात पडव्याचं हॉस्पिटल आहे आणि दक्षिणेला दोन-तीन तासांवर गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल.

स्तनातल्या गाठीची तपासणी म्हणजे प्रत्यक्षात या वाटांवरचा प्रवास असतो. हातानं तपासणी एका ठिकाणी होते, सोनोग्राफी दुसरीकडे, सुई तिसरीकडे, आणि शस्त्रक्रिया झालीच तर चौथीकडे. या चार ठिकाणच्या डॉक्टरांची एकमेकांशी भेट होत नाही, बहुतेक वेळा फोनही होत नाही. त्यांच्यामध्ये हिंडते ती बाई आणि तिच्या पिशवीतली फाइल. बाई घाबरलेली असते, तिला विचारलेलं सगळं आठवत नाही. म्हणून परळच्या किंवा बांबोळीच्या डॉक्टरला मालवणात काय दिसलं हे कळण्याचा एकच मार्ग उरतो: मालवणात काय लिहिलं गेलं. औषधांवर, यंत्रांवर पुष्कळ लिहिलं जातं. कागदावर फारसं कुणी लिहीत नाही, आणि या आजारात पहिल्या कागदाला किती महत्त्व आहे हे पाहिलं की ही उपेक्षा खटकते.

समजा, देवबागची सेहेचाळीस वर्षांची एक बाई आहे. आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. ती दवाखान्यात जाते आणि केसपेपरवर एवढंच लिहिलं जातं: 'डाव्या स्तनात गाठ. सोनोग्राफी करणे.' यात खोटं काही नाही. बाजू लिहिली आहे, हेही कमी नाही. पण ही गाठ कधीपासून आहे, कुठल्या भागात, किती मोठी, घट्ट की मऊ, हलते की चिकटलेली, कातडीला खळी पडली आहे का, बोंडी आत ओढली गेली आहे का, काखेत काही लागतं का, दुसरा स्तन तपासला का, यातलं काहीही पुढच्या डॉक्टरला कळत नाही. तो सगळं पहिल्यापासून तपासेल हे खरं. पण तो आज तपासेल, आणि गाठ दोन महिन्यांपूर्वी केवढी होती हे त्याला कधीच कळणार नाही. वाढीचा वेग ही माहिती दोन नोंदींमधून निघते. पहिली नोंदच नसेल तर दुसरी कितीही चांगली असली तरी एकटी पडते.

'कधीपासून' हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. किनाऱ्यावरची बाई तारखेनं सांगत नाही. ती म्हणते, "आंगणेवाडीच्या जत्रेच्या येळाक हाताक लागली. दुखना नाय मा, मगे कित्याक दाखवूक जाव?" आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरावीक तिथीला नसते, दरवर्षी देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. त्यामुळे 'जत्रेपासून' असं लिहिलेला कागद बांबोळीत कुणाला उलगडणार नाही, आणि पुढच्या वर्षी खुद्द मालवणातही घोटाळा करील. विचारणाऱ्यानं तिथल्या तिथे हिशोब करून महिना आणि साल लिहायला हवं. शिमगो, नारळी पौर्णिमा, गणपती, एक जूनला होड्या किनाऱ्याला लागतात ती मासेमारीबंदी, या खुणांवरून महिना काढता येतो, आणि तो मालवणातल्या माणसालाच काढता येतो. हे काम पुढच्या हॉस्पिटलवर सोडता येत नाही. तिच्या उत्तराचा दुसरा भागही लिहून ठेवण्यासारखा आहे: दुखत नाही. कर्करोगाच्या बहुतेक गाठी सुरुवातीला दुखत नाहीत, आणि नेमक्या त्याच कारणानं बाया थांबतात. दुखते म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. दुखण्यावरून निकाल लागत नाही, पण दुखणं आहे की नाही याची नोंद लागते.

जागा सांगण्याची जगभर रुळलेली रीत घड्याळाची आहे. समोर बसलेल्या बाईच्या स्तनावर घड्याळाची तबकडी आहे असं धरायचं, बोंडी मध्यभागी, आणि गाठ किती वाजताच्या जागी आहे व बोंडीपासून किती सेंटिमीटरवर आहे ते लिहायचं. इथे बाजूची चूक महाग पडते. डाव्या स्तनावर दोन वाजताची जागा वर आणि बाहेर, काखेकडे येते. उजव्या स्तनावर तेच दोन वाजणं वर आणि आत, छातीच्या मध्याकडे येतं. म्हणजे बाजू सुटली तर 'दोन वाजता' हे शब्द दोन वेगळ्या ठिकाणांकडे बोट दाखवतात. काखेकडच्या वरच्या-बाहेरच्या भागात स्तनाची ऊती सर्वांत जास्त असते आणि जवळपास निम्मे कर्करोग तिथेच सापडतात.

आकाराचंही तसंच. कागदावर 'सुपारीएवढी', 'लिंबाएवढी' असं अजून वाचायला मिळतं. पण कर्करोग ठरला तर टप्पा सेंटिमीटरवर ठरतो. दोन सेंटिमीटरपर्यंत टी १, दोनच्या वर पाचपर्यंत टी २, पाचच्या वर टी ३, आणि गाठ छातीच्या भिंतीत किंवा कातडीत गेली असेल तर आकार काहीही असो, टी ४. साधी मोजपट्टी टेबलावर असली की पुरे.

आणि जे सापडलं नाही तेही लिहावं लागतं. 'काखेत गाठ लागत नाही' हे चार शब्द आणि कोरी जागा यांत मोठा फरक आहे. कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात: तपासलं आणि काही नव्हतं, किंवा तपासलंच नाही. सहा महिन्यांनी काखेत गाठ लागली तर ती नवी की जुनी, हे त्या चार शब्दांवरून ठरतं.

हाताच्या तपासणीला कमी लेखण्याची सवय यंत्रांच्या काळात लागली आहे, म्हणून मुंबईतल्या एका अभ्यासाचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी, डॉक्टरांनी नव्हे, दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी केली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला. सगळ्या वयांच्या बाया एकत्र धरल्या तर मृत्यूंमधली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येण्याइतकी नव्हती. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायांमध्ये मात्र स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. ज्या तालुक्यात मॅमोग्राफीसाठी अर्धा दिवस मोडतो, तिथे शिकवलेल्या हाताची आणि त्या हातानं केलेल्या नोंदीची किंमत यावरून कळावी.

गावपातळीवर ही नोंद आशाताईंपासून सुरू होते. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी त्या जो प्रश्नांचा फॉर्म भरतात, सीबॅक नावानं तो ओळखला जातो, त्यात बायांसाठी तीन प्रश्न स्तनाबद्दलचे आहेत: गाठ आहे का, बोंडीतून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का. हे प्रश्न पडवीत, सासूसमोर, नवऱ्यासमोर विचारले तर उत्तर 'नाय' असंच येतं आणि फॉर्मवर 'नाही' पडतं. आशाताई गावातलीच असते, हा तिचा फायदा आणि हीच तिची अडचण. आत नेऊन, दार लोटून विचारलेला प्रश्न वेगळा.

आता कोडकडे येऊ. आजारांना अंक देण्याची सध्याची जागतिक पद्धत १८९३ च्या एका यादीतून वाढली. झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं मृत्यूच्या कारणांची ती यादी मांडली आणि शिकागोच्या अधिवेशनात ती स्वीकारली गेली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेनं ती हाती घेतली आणि मृत्यूबरोबर आजारही तिच्यात आले. आपल्याकडे मुख्यत्वे वापरात आहे ती दहावी आवृत्ती, आयसीडी-१०. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली तरी हॉस्पिटलांच्या कागदांवर दहावीच दिसते.

या यादीत स्तनाच्या कर्करोगाला सी ५० आहे, वरच्या-बाहेरच्या भागातल्या कर्करोगाला सी ५०.४. फायब्रोअॅडिनोमासारख्या साध्या गाठीला डी २४. एकट्या पाण्याच्या गाठीला एन ६०.०. बाळंतिणीच्या स्तनात पू झाला तर ओ ९१. आणि जी गाठ हाताला लागली आहे पण कसली आहे हे अजून कळलेलं नाही, तिला एन ६३.

मला या सगळ्या यादीत एन ६३ सर्वांत प्रामाणिक वाटतो. 'आहे, पण काय आहे ते माहीत नाही' असं सांगायला वैद्यकशास्त्रानं एक अधिकृत जागा ठेवली आहे. डॉक्टरच्या मनात शंका असते, कधीकधी हात लावताच खात्री वाटते, तरी सुईचा निकाल येईपर्यंत कागदावर सी ५० पडता कामा नये. 'कर्करोगाची शंका' म्हणून सी ५० टाकला की तो अंक त्या बाईला चिकटतो. विम्याच्या कागदात जातो, पुढच्या डॉक्टरच्या नजरेत आधीच बसतो, आणि गाठ साधी निघाली तरी फाइलमधून सहज पुसला जात नाही. शंका जरूर लिहावी, स्पष्ट शब्दांत लिहावी, पण निदानाच्या रकान्यात तिला जागा नाही. उलट बाजूची चूक आपल्याकडे जास्त होते: एन ६३ तिथेच राहतो. सोनोग्राफी झाली, सुई झाली, निकाल आला, आणि फाइलवर अजून 'गाठ'च. तात्पुरतं नाव कायमचं होतं आणि हिशोबात ती बाई कुठेच धरली जात नाही.

याच अंकाचं दुसरं आयुष्य पुण्यात आणि नवी मुंबईत पाहायला मिळतं. विज्ञानाची पदवी घेतलेली शेकडो मराठी मुलंमुली तिथे अमेरिकन हॉस्पिटलांसाठी मेडिकल कोडिंग करतात. डॉक्टरनं लिहिलेली नोंद वाचायची आणि तिचे कोड लावायचे, त्यावर तिकडची विमा कंपनी पैसे देते. अमेरिकेनं ऑक्टोबर २०१७ पासून एन ६३ चे भाग पाडले. उजव्या स्तनाचे कोड एन ६३.१ नं सुरू होतात, डाव्याचे एन ६३.२ नं, आणि डाव्या स्तनाच्या वरच्या-बाहेरच्या भागातली गाठ म्हणजे एन ६३.२१. कुठली बाजू हेच नोंदीत नसेल तर कोडरला एन ६३.० या मोघम कोडवर थांबावं लागतं किंवा डॉक्टरकडे लेखी विचारणा पाठवावी लागते. बाह्यरुग्णाच्या नोंदीत 'शंका', 'बहुधा', 'नसल्याची खात्री करणे' असे शब्द असतील तर तो आजार कोड करायचा नाही, फक्त लक्षण कोड करायचं, असा तिथला नियमच आहे. मॅमोग्राफीचंही तसंच. तक्रार नसताना केलेली चाळणी तपासणी ७७०६७, गाठ लागली म्हणून एका बाजूची केलेली ७७०६५. यंत्र तेच, चित्र जवळपास तेच, पण कशासाठी केली हे नोंदीत नसेल तर खर्च कुणाच्या डोक्यावर बसेल ते बदलतं. तिकडे ही शिस्त पैशानं लावली. कोडर मालवणात कधी येणार नाही, पण तो डॉक्टरला जे प्रश्न विचारतो ते मालवणच्या केसपेपरलाही विचारण्याजोगे आहेत.

आपल्या देवबागच्या बाईची पुढची पायरी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी. चाळिशीच्या आत स्तनाची ऊती दाट असते, मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, म्हणून तरुण बायांची आधी सोनोग्राफी करतात. रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्सचा एक आकडा असतो, शून्यापासून सहापर्यंत. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं १९९३ मध्ये ही पद्धत आणली, कारण आधी प्रत्येक रेडिऑलॉजिस्ट आपापल्या भाषेत लिहायचा आणि वाचणाऱ्या सर्जनला ते काय म्हणायचंय ते कळायचं नाही. एक म्हणजे काही नाही, दोन म्हणजे नक्की साधं. तीन म्हणजे साधं असण्याचीच शक्यता, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांच्या आत, पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं. चार म्हणजे सुई हवीच, आणि या गटाचे अ, ब, क असे तीन भाग पडतात, कारण त्यात दोन टक्क्यांपासून पंचाण्णव टक्क्यांपर्यंतची सगळी शक्यता मावते. पाच म्हणजे पंचाण्णवच्या पुढे. सहा, आधीच सिद्ध झालेला कर्करोग. शून्याचा अर्थ लोक हमखास उलटा घेतात. शून्य म्हणजे धोका शून्य असं नव्हे. तपासणी अपुरी आहे, आणखी चित्रं किंवा जुनी चित्रं हवीत, असं तो आकडा सांगतो. रिपोर्ट वाचून 'झिरो आला, सुटलो' म्हणत घरी गेलेल्या बाईला परत बोलावणं हे बोलावणाऱ्याचं काम आहे, तिचं नव्हे.

आणि तीनच्या 'सहा महिन्यां'चं काय? जानेवारीत तपासलेल्या बाईची पुढची तारीख जुलैत येते. मालवणात जुलै म्हणजे धो-धो पाऊस, मासळीचा धंदा बंद म्हणून हातात पैसा नाही, शेतात लावणी. 'सहा महिन्यांनी या' असं लिहिलं तर ती गणपतीनंतर येईल, कदाचित दिवाळीनंतर. तारीख लिहावी, फोन नंबर घ्यावा, आणि दवाखान्याच्या वहीत ती तारीख वेगळी उतरवून ठेवावी.

मग सुई. इथे एक गोष्ट जवळून पाहू, कारण सगळ्या प्रवासात सर्वांत लहान आणि सर्वांत नाजूक वस्तू हीच. बारीक सुईनं पेशी ओढून काचेवर पसरतात ती एफएनएसी. जाड सुईनं ऊतीचा दोऱ्यासारखा तुकडा काढतात ती कोअर बायोप्सी. कर्करोगाची शंका असेल तर कोअर चांगली, कारण हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-टू या पुढच्या तपासण्या त्या तुकड्यावर भरवशानं होतात आणि कुठलं औषध लागू पडेल ते त्यांवर ठरतं. हा तुकडा दहा टक्के बफर केलेल्या फॉर्मलिनमध्ये टाकतात. सलाइनमध्ये नाही, स्पिरिटमध्ये नाही. बाटलीवर चिकटपट्टी: नाव, वय, बाजू, घड्याळातली जागा, तारीख, आणि तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला ती वेळ. चिकटपट्टी बाटलीच्या अंगावर हवी, झाकणावर नाही, कारण लॅबमध्ये चार बाटल्या एकदम उघडल्या की झाकणं बदलतात. वेळ कशाला? या तपासण्यांसाठी तुकडा फॉर्मलिनमध्ये किमान सहा आणि जास्तीत जास्त बहात्तर तास असावा असा दंडक आहे. शनिवारी दुपारी मालवणात घेतलेला तुकडा रविवारी पडून राहिला, सोमवारी निघाला आणि मंगळवारी संध्याकाळी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये उघडला, तर ती मर्यादा ओलांडली गेली. मर्यादेबाहेरच्या तुकड्यावर 'हॉर्मोन रिसेप्टर निगेटिव्ह' आलं तर ते आजाराचं खरं रूप की वाटेत झालेला बिघाड, हे नक्की सांगता येत नाही, आणि वर्षानुवर्षं घ्यायची एक स्वस्त, उपयोगी गोळी त्या बाईच्या हातून जाऊ शकते. बाटलीवर वेळ लिहिली असेल तर निदान लॅबवाल्याला शंका तरी घेता येते.

एफएनएसीच्या निकालात एक सापळा असतो. हा निकाल मांडायच्या योकोहामा पद्धतीत पाच गट आहेत: अपुरा नमुना, साधा, असामान्य, संशयास्पद, कर्करोग. 'कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत' असा निकाल पहिल्या गटाचाही असू शकतो आणि दुसऱ्याचाही. पेशीच पुरेशा आल्या नसतील तर न दिसण्याला काही अर्थ नाही. म्हणून हात, चित्र आणि सुई यांचा निकाल एकमेकांशी जुळतो का हे कुणीतरी एका जागी बसून पाहायचं आणि 'जुळतो' किंवा 'जुळत नाही, पुन्हा सुई' असं लिहायचं. तिन्ही रिपोर्ट फाइलमध्ये असतात, हे एक वाक्य मात्र बहुतेक फाइलींत नसतं. माझ्या मते संपूर्ण तपासणीतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य ते आहे.

निकाल कर्करोगाचा आला की एन ६३ जातो, सी ५० येतो, आणि कर्करोग नोंदणीत त्याच्या जोडीला पेशींच्या प्रकाराचा आणखी एक कोड लागतो. नेहमीच्या नलिकेच्या कर्करोगाला ८५००/३. तिरप्या रेघेनंतरचा अंक स्वभाव सांगतो: शून्य साधी, एक अनिश्चित, दोन जागच्या जागी असलेला, तीन पसरणारा. फायब्रोअॅडिनोमा ९०१०/०. फिलॉइड्स नावाची गाठ तर तीन रूपांत येते, ९०२०/०, /१ आणि /३, वरून फायब्रोअॅडिनोमासारखीच लागते, आणि फरक फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतो.

म्हणून गाठ काढून फेकून देण्याचा प्रकार इतका घातक आहे. छोट्या दवाखान्यात जागा बधिर करून 'साधीच आहे' म्हणत गाठ काढायची आणि तपासणीला न पाठवता टाकून द्यायची, हे आजही होतं. खर्च वाचवला या समजुतीनं घरचेही खूश असतात. वर्षभरानं त्याच जागी गाठ आली तर परळला पहिला प्रश्न येतो, आधीच्या गाठीचा रिपोर्ट कुठे? स्लाइड कुठे? ब्लॉक कुठे? ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा. तो वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यावर नवी तपासणी पुन्हा करता येते. तो नसेल तर पहिली गाठ काय होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. अंदाजच, कारण सगळा देश नोंदणीखाली नाही. या नोंदणीची सुरुवात महाराष्ट्रात झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ मध्ये मुंबईची नोंदणी सुरू केली, ती देशातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांची. हॉस्पिटलात येणाऱ्यांची वाट न बघता तिथली माणसं गावोगाव फिरली, लोकांशी बोलली, लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणलं. कारण गावात जो रुग्ण हॉस्पिटलला पोचत नाही, तो कुठल्याच वहीत येत नाही.

अशा नोंदणीत रुग्ण मोजला जातो तो राहत्या पत्त्यावरून. किमान वर्षभर त्या भागात राहत असलेली व्यक्ती त्या भागाची धरतात. आता डोंबिवलीला भावाकडे उतरलेली मालवणची बाई हॉस्पिटलात कुठला पत्ता सांगेल? भावाचा, कारण पत्र तिथे यावं, फोन तिथे यावा. तपासनिसानं बारकाईनं विचारलं नाही तर ती डोंबिवलीची होते आणि सिंधुदुर्गाच्या खात्यातून एक रुग्ण कमी होतो. शंभर घरांनी असं केलं की जिल्ह्यात हा आजार कमीच आहे असं कागद सांगू लागतो, आणि त्या कागदावर मॅमोग्राफीचं यंत्र कुठे द्यायचं ते ठरतं. नावाचंही असंच आहे. सोनोग्राफी माहेरच्या नावानं, बायोप्सी सासरच्या, बांबोळीच्या कागदावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. एक बाई तीन होते, किंवा तिचे तीन कागद कधीच एकत्र येत नाहीत. आधारवर आहे तेच नाव पहिल्या केसपेपरपासून शेवटपर्यंत ठेवणं, एवढी साधी गोष्ट आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे तर हे नाव आणखी आडवं येतं. रेशनकार्डावर एक, बायोप्सीवर दुसरं, मग हॉस्पिटलातला आरोग्यमित्र अर्ज पुढे सरकवू शकत नाही. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांचे वेगळे कोड असतात, प्रत्येकाला पूर्वपरवानगी लागते, आणि तिच्यासाठी मूळ बायोप्सी रिपोर्ट लागतो. 'गाठ' एवढ्या निदानावर केमोची परवानगी मिळत नाही, मिळायलाही नको. बांबोळीत जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेणं सुरू झालं तेव्हा सिंधुदुर्गात मोठी ओरड झाली. ती योग्यच होती. पण ज्या घरांची फाइल पूर्ण होती त्यांना निदान तीच तपासणी पुन्हा करून तिचे पैसे पुन्हा भरावे लागले नाहीत.

फाइलमध्ये आणखी एक कागद घरच्यांनीच लिहून ठेवावा असा आहे: घराण्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता, कितव्या वर्षी. आईची बाजू सगळ्यांना आठवते. आत्या आणि वडिलांची आई विसरली जाते, कारण ती मुंबईला होती आणि तिच्याबद्दल 'टाटाक नेल्यानी' यापुढे कुणी बोललं नाही. बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो. पुरुषांनाही हा आजार होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो, आणि त्यालाही सी ५० च लागतो. काकाच्या छातीवरची गाठ म्हणून ती बाजूला टाकू नये.

कागद मिळवणं हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरनं दाखल केलेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागितल्यावर बहात्तर तासांच्या आत द्यायच्या असतात. मागणी लेखी करावी आणि तिच्या प्रतीवर पोच घ्यावी. गाठ काढली असेल तर शस्त्रक्रियेचा तपशील, मूळ हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक मागावेत. ब्लॉकवर लॅबचा क्रमांक कोरलेला असतो, तो रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते तिथेच उभं राहून पाहावं. उन्हात ठेवलेल्या पिशवीत मेण मऊ पडतं, म्हणून कुडाळहून गाडी पकडताना तो डबा सामानाखाली, सावलीत ठेवावा.